पेटी, नोझल आणि अण्णांचा सिरीज बल्ब

बरेच शनिवार लिहिणं झालं नाही. कारण सांगतो, आणि कारणाचाच लेख करतो.

तर झालं असं.. डिसेंबरात पुण्याहून सातपूरला घरी गेलो होतो. सकाळी अण्णांबरोबर दूध-भाजी आणायला बाहेर पडलो आणि परत येताना कार्बन नाक्यावर गाडी बंद पडली. २००४ ची, एमएच १५ नंबरची छोटी पेट्रोल गाडी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण एकवीस वर्षांनी काही बिघडलं तर त्यात कंपनीचा दोष काढणं बरं नव्हे. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही, आणि चावी ऑन केल्यावर जो पिवळा इंजिनाचा दिवा लागायला हवा तो लागतच नाही. ढकलत कडेला घेतली. मेकॅनिक आला, त्याने स्कॅनर लावला, पडद्यावर 'कम्युनिकेशन एरर'. पाच मिनिटांत निकाल: "काका, ईसीएम गेला."

(ईसीएम म्हणा, ईसीयू म्हणा, मेकॅनिक लोक 'कॉम्प्युटर' म्हणतात. मी पुढे 'पेटी' म्हणणार आहे, कारण अण्णा तसंच म्हणतात.)

नवीन पेटी मिळत नाही, जुनी बघावी लागेल, ती बसवून कोडिंग करून बावीस हजार, चालेलच याची गॅरंटी नाही. भंगारवाला गाडीचे साधारण तेवढेच देईल. "काका, सोडून द्या आता. पोरगा कमावतोय, नवीन घ्या."

पोरगा, म्हणजे मी, नवीन घेऊन द्यायला तयार होतोच. पण अण्णा काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला नीट कळतं. ते बत्तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. माझ्या लहानपणी आमच्या कॉलनीत कोणाचीही स्कूटर, जीप, फियाट अडली की लोक अण्णांकडे येत. कार्बोरेटर उघडायचा, जेटमध्ये फुंकर मारायची, पॉइंट घासायचे, टॅपेट कानाने लावायचे. २००४ मध्ये ही गाडी आली, बोनेट उघडलं तर आत कार्बोरेटरच नाही. डिलिव्हरी देणाऱ्या पोराने सांगितलं, "काका, ह्याला हात लावायचा नाही हं, सगळं कॉम्प्युटरवर आहे." त्या दिवसापासून अण्णांनी पाणी आणि ऑइल बघण्यापलीकडे ते बोनेट उघडलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस नवीन गाडी शिकेलही, पण मला वाटत नव्हतं की ते चालवतील. गाडी गेली की गिरणारेला मावशीकडे जाणं बंद, जुन्या मित्रांकडे जाणं बंद, मग टीव्हीसमोर बसणं सुरू.

मी म्हटलं, "अण्णा, पेटी उघडून बघू या का?"

"तुला येतं?"

"नाही. पण कोड तर मीच लिहितो ना दिवसभर."

त्यावर ते जे हसले ते लिहिण्यासारखं नाही. :)

आता थोडा इतिहास, कारण ही पेटी आली कुठून हे कळल्याशिवाय ती उघडायची भीती जात नाही. माझी तरी गेली नसती.

सातपूरमध्ये वाढलेल्या पोराला इंजिनात पेट्रोल-डिझेल कसं जातं हे माहीत नसणं म्हणजे लासलगावात राहून कांदा न ओळखणं. त्र्यंबक रोडने गावाकडून निघालात की मायको सर्कल लागतं, पुढे आयटीआय सिग्नल, मग सातपूर. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये बंगळूरला जर्मनीच्या बॉशबरोबर सुरू झालेली. १९७० च्या आसपास त्यांनी नाशिकला कारखाना टाकला, डिझेल इंजिनाच्या नोझलचा. २००८ मध्ये कंपनीचं नावच 'बॉश लिमिटेड' झालं, पण रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावं लागतं. नोझल म्हणजे बोटाएवढा पोलादी तुकडा, त्यात एक सुई. सुई आणि तिच्या घरातलं अंतर दोन-चार मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे अंदाज करा. गावातले निम्मे काका-मामा असल्या मापांवर जगले. इथल्या माणसाला 'मायक्रॉन' हा शब्द शाळेत शिकवावा लागत नाही.

त्या काळचं डिझेल इंजिन पूर्ण यांत्रिक. पंप दाब तयार करणार, दाबाने सुई उचलणार, फवारा उडणार. किती डिझेल सोडायचं हे स्प्रिंग आणि फिरणारी वजनं ठरवणार. पेट्रोलमध्ये तेच काम कार्बोरेटर करायचा: हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, दाब घटतो, जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. हुशार यंत्र, पण त्याला फक्त हवेचा वेग कळतो. इंजिन गार आहे की गरम, गाडी घाटात आहे की समुद्रकाठी, हे त्याला धड कळत नाही.

मग हे काम विजेने करावं, ही कल्पना कोणाची? मला वाटायचं, बॉशची. चूक. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची इलेक्ट्रॉनिक पेट्रोल फवारणी जाहीर केली. १९५८ च्या क्रायस्लरच्या काही मोजक्या गाड्यांत ती बसलीसुद्धा. आणि सपशेल आपटली. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना बोनेटखालची उष्णता, ओल आणि हादरे झेपेनात. बहुतेक गाड्यांना नंतर कार्बोरेटर लावून दिले. बेंडिक्सचे हक्क पुढे बॉशकडे गेले, तोवर ट्रान्झिस्टर सुधारले होते, आणि १९६७ मध्ये 'डी-जेट्रॉनिक' आलं, अमेरिकेत विकायच्या फोक्सवॅगन १६०० मध्ये. डी म्हणजे 'ड्रुक', जर्मनमध्ये दाब. इंजिन किती हवा ओढतंय ते मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ओळखायचं आणि त्याप्रमाणे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवायचं. त्या पेटीत साधारण दोनशेच्या वर सुटे भाग होते, त्यातले ट्रान्झिस्टर पंचवीस-तीस. प्रोसेसर नाही, सॉफ्टवेअर नाही. माझ्यासारख्याला तिथे नोकरीच मिळाली नसती.

सॉफ्टवेअर आलं नंतर. १९७६ मध्ये व्होल्वोने धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बसवला. म्हणजे पेटीला आपण केलेल्या कामाचा निकाल कळायला लागला, जास्त पेट्रोल पडलं की कमी. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये 'मोट्रॉनिक' आलं, फवारणी आणि ठिणगी दोन्ही एकाच मायक्रोप्रोसेसरच्या ताब्यात. आज आपण जिला ईसीयू म्हणतो ती हीच.

ह्या सगळ्यामागे हौस नव्हती, धूर होता. कॅलिफोर्नियाने धुरावर कायदे केले म्हणून ती फोक्सवॅगन तशी निघाली. आपल्याकडेही तेच. सिएलो, मॅटिझ, सँट्रो ह्या गाड्यांनी नव्वदीत एमपीएफआय आणलं होतं, पण ते थोड्यांपुरतं. खरा धक्का २९ एप्रिल १९९९ चा. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ लागू करायला सांगितलं. कार्बोरेटरने युरो-२ गाठणं अवघड, म्हणून मारुती ८०० लासुद्धा २००० मध्ये एमपीएफआय आलं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं, कारण शिसं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतं. आठवतंय ना, गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' अशी चकचकीत अक्षरं असायची? लोक मिरवायचे. अर्थ कितीजणांना माहीत होता देव जाणे.

देशभर भारत स्टेज-२ आलं १ एप्रिल २००५ ला. त्याच वर्षी सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कॉर्पिओलाही कॉमन रेल इंजिन मिळालं (मूळ स्कॉर्पिओ २००२ ची). म्हणजे ज्या गावाने तीस-पस्तीस वर्षं स्प्रिंगने उघडणारी नोझल घासली, त्याच गावात आता पेटीच्या हुकमाने उघडणाऱ्या इंजेक्टरचा जमाना आला. नोझल तीच, दोन-चार मायक्रॉनचीच. मालक बदलला.

आणि इथेच गल्लीतला मेकॅनिक मागे पडला. त्याच्या हुशारीचा काही संबंध नाही. त्याला कोणी माहितीच दिली नाही. सर्किटचे नकाशे नाहीत, स्कॅनर नाही, सुटे भाग नाहीत. हे माझं रडगाणं नाही, भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात हेच म्हटलं: सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना न मिळू देणं हा बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे. चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड. देशातली जवळजवळ सगळी मोठी नावं त्यात होती. पुढे अपिलं झाली, रकमेवरून वाद झाले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टु रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. ठीक आहे. पण अण्णांच्या हातातून पाना २००४ मध्येच सुटला होता.

असो. गाडीकडे येऊ.

पहिली गोष्ट, जी मला अण्णांनी शिकवली आणि जी मी सॉफ्टवेअरमध्ये रोज विसरतो: आधी पेटीवर संशय घ्यायचा नाही. "लेथ बिघडला म्हणून आलेल्यांपैकी निम्म्यांचा फ्यूज उडालेला असायचा," अण्णा म्हणाले. तर आम्ही क्रमाने गेलो. बॅटरी १२.५ व्होल्ट. फ्यूज नुसते बघून नाही, मीटरने तपासून. मेन रिले 'टक' वाजतो का. मग पेटीच्या कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट पोचतात का. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अर्थ. बॉडीला आवळलेली ती काळी वायर गंजली की पेटी वेड्यासारखं वागते आणि लोक पेटीच बदलतात. बॅटरीचं मायनस आणि पेटीच्या अर्थची पिन यांच्यामध्ये, चावी ऑन असताना, व्होल्टेज मोजायचं. ०.१ च्या आत असलं पाहिजे. आमचं होतं.

इथे एक सूचना, आणि ही गंमत नाही. जुने मेकॅनिक वापरतात तो बल्बचा टेस्ट लॅम्प पेटीच्या कोणत्याही वायरला लावू नका. बल्ब दोन-दोन अँपिअर ओढतो आणि पेटीतले नाजूक ड्रायव्हर त्या क्षणी जातात. डिजिटल मल्टीमीटरच वापरा. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर चालतो का' बघणं हाही तसलाच प्रकार. त्या क्षणी वायरिंगमध्ये कितीतरी पट व्होल्टेज उसळतं आणि सगळ्या पेट्यांवर जातं. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा.

मग सेन्सरला जाणारे ५ व्होल्ट. पेटी हे पाच व्होल्ट स्वतः तयार करते आणि बऱ्याच सेन्सरना वाटते. थ्रॉटलच्या सेन्सरचा कनेक्टर काढून मोजलं, ०.३ व्होल्ट. मी आनंदाने ओरडलो, "पेटीच गेली!" अण्णा म्हणाले, "थांब. कुठेतरी शॉर्ट असला तरी असंच दिसेल ना?" बरोबर होतं त्यांचं. एक बिघडलेला सेन्सर किंवा उंदराने कुरतडलेली एक वायर सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढू शकते. आम्ही त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढले. फरक नाही. शेवटी ती वायर पेटीपाशीच मोकळी केली आणि थेट पेटीच्या पिनवर मोजलं. तरीही ०.३. आता मात्र खरंच पेटी.

बॅटरीचं मायनस काढलं, पंधरा मिनिटं थांबलो. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, पण तुमच्या गाडीला असेल तर तेवढं थांबणं आणखी महत्त्वाचं, आणि एअरबॅगची पेटी वेगळी असते, ती घरी उघडायचीच नाही. तिच्यात साठलेली वीज आणि स्टिअरिंगमधली दारू यांच्याशी प्रयोग नको. एबीएसच्या पेटीचंही तेच. इंजिनाची पेटी चुकली तर गाडी उभी राहते, ब्रेकची चुकली तर ती थांबत नाही. आणि कॉमन रेल डिझेलवाल्यांनो, तुमच्या पेटीत इंजेक्टर झटकन उघडण्यासाठी साठ-सत्तर व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाबाची वीज कपॅसिटरमध्ये भरून ठेवलेली असते. उघडल्याबरोबर बोटं घालू नका, आधी मोजा. इंधनाच्या पाइपला तर हातच नको. पहिल्या पिढीच्या कॉमन रेलमध्येही १३५० बारपर्यंत दाब होता, म्हणजे गाडीच्या टायरच्या सहाशे पट. तो फवारा कातडीत घुसतो.

पेटी घरात आणली. डिसेंबरातलं नाशिक म्हणजे कोरडी थंडी, अंगात स्वेटर, दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. असल्या हवेत चिप मारायला एक स्पर्श पुरतो. स्वेटर काढला, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, टेबलावर अँटिस्टॅटिक चटई घातली. अण्णांनी कुडकुडत विचारलं, "हे सगळं लागतंच का?" लागतंच.

झाकण सीलंटने चिकटवलेलं. हेअर ड्रायरने कोमट करत, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू अर्धा तास. झाकण निघालं आणि खोलीभर वास. आई स्वयंपाकघरातून, "अहो, घरात मासळी कोणी आणली?" (आमच्याकडे अंडंही येत नाही.) तो वास इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळाल्याचा. आतल्या पातळ द्रवातली रसायनं विघटली की तसा मासळीसारखा वास येतो. वीस वर्षांच्या उष्णतेने त्याचं बूच हार मानतं. बेंडिक्सच्या पेटीला १९५८ मध्ये जे झेपलं नव्हतं, त्याच उष्णतेने आमच्या पेटीला एकवीस वर्षांनी गाठलं होतं. एका कपॅसिटरखाली तपकिरी डाग, तांब्याची एक रेघ हिरवी पडून मधूनच तुटलेली. ती रेघ बरोबर पाच व्होल्टच्या रेग्युलेटरकडे जाणारी.

मी लगेच सोल्डरिंग आयर्न गरम करायला घेतली. अण्णा म्हणाले, "खूण केलीस का?"

"कसली खूण?"

"जॉब फिक्स्चरमधून काढायच्या आधी खूण करतात. परत कसा बसवणार नाहीतर?"

मंडळी, त्या एका प्रश्नाने गाडी वाचली. खूण म्हणजे काय करायची? फोटो तर काढलेच होते. पण पेटीत एक छोटी आठ पायांची ईईप्रॉम चिप असते, तिच्यात इमोबिलायझरचे कोड असतात, म्हणजे चावी आणि पेटीची ओळख. (दुसऱ्या गाडीची पेटी आणून लावली की गाडी चालत नाही ती ह्यामुळे.) रोज प्रॉडक्शनला हात लावायच्या आधी बॅकअप घेणारा मी, इथे विसरणार होतो. चिपवर क्लिप लावून प्रोग्रामरने वाचलं. तीनदा. दोनदा सारखं, एकदा वेगळं! पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, परत तीनदा, आता तिन्ही सारखे. फाइल लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि मेलवर.

मग कपॅसिटर काढला. खरं म्हणजे अण्णांनी काढला. मी सॉफ्टवेअरवाला, माझा हात थरथरतो. त्यांचा चौऱ्याहत्तराव्या वर्षीही नाही, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून काम चाललेलं. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, कारण बोर्डावरचा संरक्षक लेप जळाला की धूर घशात बसतो. पण डाग साफ करताना त्या ईईप्रॉमचा एक पाय अलगद हातात आला. आतून कुजलेलाच होता. द्रव तिथवर पोचला होता.

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. "खूण केली आहे ना?" केली होती.

रविवारी रात्री पुण्याला परत. आठवडाभर ऑफिस, शनिवारी सकाळी बुधवार पेठेत तपकीर गल्ली. कपॅसिटर त्याच क्षमतेचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, पण १०५ अंशांचा आणि चांगल्या कंपनीचा. ८५ अंशांचा दोन रुपयांनी स्वस्त मिळतो, घेऊ नका. चिप चाळीस रुपये. एकूण खर्च चहा-वड्यासकट दोनशेच्या आत.

नाशिकला पोचून कपॅसिटर बसवला (प्लस-मायनस तीनदा बघून), तुटलेल्या रेघेवर बारीक वायरचा पूल टाकला, नवीन चिपमध्ये फाइल लिहून ती बसवली. आता ही पेटी थेट गाडीत लावायची का? छे. आत काही शॉर्ट असेल तर बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. करंट मर्यादित करणारा पॉवर सप्लाय माझ्याकडे नव्हता. मी ऑनलाइन किंमत बघत होतो, तोवर अण्णा गॅरेजमधून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेऊन आले. "सिरीज बोर्ड करू."

घरोघरच्या वायरमनची ही जुनी युक्ती. यंत्राला थेट वीज न देता मध्ये बल्ब टाकायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, बाकी काही जळत नाही. तीच इथे बारा व्होल्टवर. (बाराच व्होल्टवर, गाडीच्या बॅटरीला जोडून! घरातल्या २३० व्होल्टच्या सिरीज बोर्डाला पेटी लावायची नाही, हे सांगायला नको, पण सांगतो.) बॅटरी, बल्ब, मग पेटी. जोडताना मी मागे सरकलो, अण्णा नाही. बल्बची तार नुसती लालसर झाली. पाचच्या पिनवर मीटर लावला, ४.९८.

संध्याकाळी गाडीत पेटी बसवली, बॅटरी जोडली, चावी ऑन. पिवळा दिवा लागला. अण्णांनी चावी फिरवली, इंजिन पकडलं.. आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा तेच. चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत होता. म्हणजे पेटी जिवंत, पण ती चावीला ओळखत नाही.

ती रात्र मी फाइल बघत काढली. तीन वाचनं सारखी, मग चूक कुठे? पहाटे कळलं आणि स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. ह्या जातीच्या चिप आठ बिटांच्या किंवा सोळा बिटांच्या गठ्ठ्यात वाचता-लिहिता येतात. जुनी सोळावाली होती, नवीन दोन्ही प्रकारे चालणारी, आणि प्रोग्रामरमध्ये मी सेटिंग बदललं नव्हतं. प्रत्येक दोन बाइटची जागा अदलाबदल झाली होती. एंडियन! कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलेली, मुलाखतीत मी दुसऱ्यांना विचारतो ती चूक. पोरांनो, माफ करा.

सकाळी चिप काढली, पुन्हा लिहिली, लिहिलेलं परत वाचून पडताळलं, बसवली. ह्या वेळी इंजिन पकडलं आणि चालूच राहिलं. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. आईने बाहेर येऊन विचारलं, "मग आता गिरणारेला जायचं का?" अण्णा बोनेट उघडून आत वाकले होते. काय बघत होते कोणास ठाऊक, आयडलिंग ऐकत असावेत. मग झाकणाला पुन्हा सीलंट लावला, एक दिवस वाळू दिला, ओल जाऊ नये म्हणून. दोन दिवस गाडी सातपूरच्या आतच फिरवली, हायवेवर नाही.

ह्याला दोन महिने झाले. आमचा एक पीसीबी आणि एक गळका कपॅसिटर होता, म्हणून जमलं. काही नव्या पेट्यांत सर्किट सिरॅमिकवर असतं आणि वर सिलिकॉनचा जेल ओतलेला असतो, केसाहून बारीक तारा आत. तिथे माझा आणि अण्णांचाही हात चालणार नाही, तशी पेटी निघाली तर झाकण लावून सरळ बाहेर पडायचं.

गेल्या शनिवारी अण्णांचा फोन आला. मी दिलेला मल्टीमीटर त्यांनी आता स्वतःच्या नावावर करून घेतलाय, त्यावर मार्करने 'टूलरूम' लिहिलंय. कॉलनीतल्या कोणाची तरी गाडी अडली होती, मेकॅनिकने ईसीएम गेला म्हणून सांगितलं होतं.

"मग? उघडलीत पेटी?" मी विचारलं.

"कशाला? अर्थची वायर कुजली होती. ०.८ व्होल्ट येत होते. घासून आवळली, चालू झाली."